दोन मिलिमीटर आत

अप्पांचं म्हणणं सरळ होतं:
"माठ पाझरते म्हनून पानी गार राह्यते.
गाडीबी पाझरते. टिपकून राह्यली
म्हंजे आत तेल आहे, समज."

आणि फैजपुरातल्या आमच्या अंगणात
एकोणीसशे त्रेसष्टची ती दोन दारांची ट्रायम्फ
(भुसावळच्या लिलावातून,
केळीच्या तीन ट्रकांच्या पैशांत)
पत्र्याच्या ताटलीत रात्रभर
टप्
म्हणायची. मग बराच वेळ काही नाही.
मग टप्.

आई डागांवर राख टाकायची, लाकडाचा भुसा टाकायची.
एकदा डागाभोवती तिनं रांगोळीच काढली,
रागानं, पण ठिपके नीट मोजून.

मे महिन्यात पारा शेहेचाळीसला टेकला,
तेलाचं पाणी झालं,
आणि पालच्या चढावर तिसरा गिअर
दगड भरडल्यासारखा ओरडला.
तेव्हा कुठे मी रुबाबचाचांना बोलावलं.

रुबाब तडवी. यावल रस्त्यावर ट्रॅक्टर उघडणारे.
गाडीभोवती फिरले नाहीत,
लाल रंगाला हात लावला नाही,
थेट पाठीवर आडवे झाले
आणि खालून म्हणाले, "केळीचं पान आन. धुवून."

पानावर ते जेवण वाढावं तसे
सुटे भाग मांडत गेले.
मिठाच्या जागी वायसर,
डावीकडे शाफ्टचे चार बोल्ट,
उजवीकडे फ्लँजचा मोठा नट.
पान्याला पाइप लावून मी अख्खा लोंबकळलो
तेव्हा तो सुटला होता.
"जसं वाढलं तसंच उचलाचं," म्हणाले,
"पंगत मोडू नोको."

सीलमध्ये दोन स्क्रू पिळून
पकडीनं तो ओढून काढला.
रबर कसलं, कोळसा.
नखानं तुकडा पडला.
"सापडलं," मी म्हणालो.

चाचांनी फ्लँज उन्हात धरला.
"बोट फिरव."
फिरवलं. लोखंडाच्या गुळगुळीत गळ्याभोवती
एक चर होती, दोऱ्याएवढी.
साठ वर्षं एक मऊ ओठ
तिथंच टेकून राहिला होता
आणि पोलाद झिजलं होतं.
मला उलटं वाटलं होतं.

"नवा सील इथंच बसवला
तं तोबी गयनार.
सील बदलला म्हनून जागा बदलते का?"

जळगावहून तीन सील आणले.
दोन बसेनात.
तिसरा ट्रॅक्टरचा, आतून जुळला, बाहेरून जुळला,
जाडीला मात्र कमी.
माझं तोंड उतरलं.
चाचा दिवसभरात पहिल्यांदा हसले.

बाभळीचा ठोकळा, त्यावर हातोडी,
बारावर, सहावर, तीनवर, नऊवर,
घड्याळ ठोकत बसल्यासारखं.
कड पातळीला आली. मी म्हणालो, बास.
ते थांबले नाहीत.
आणखी दोन मिलिमीटर आत,
जिथं पोलादाला अजून
कुणी टेकलं नव्हतं.

पान उचलताना एक वायसर उरला.
चाचांनी तो खिशात टाकला,
मजुरीचे चारशे रुपये त्याच खिशात टाकले,
ताक प्यायले, आणि गेले.

पहाटे साडेचारला अंगणात उजेड हलत होता.
अप्पा उकिडवे, हातात टॉर्च.
गाडीखाली मी सरकवलेला पुठ्ठा
कोरडा.
त्यांनी तो चाचपला, नाकाशी धरला.
"तेल टाकलं ना रे त्यानं?"
"टाकलं."
"मोजून?"
"दोनदा."

तरी ते तसेच बसून राहिले
कान लावून.
मग पत्र्याची ताटली उचलली,
धोतराच्या सोग्यानं पुसली,
पुन्हा पुसली,
आणि माठाखाली नेऊन ठेवली.