सात इंच दोन सूत

कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या मागच्या रांगेत
एक्सल उतरवताना टेम्पोवाला म्हणाला,
हा हत्तीचा खांदा कुणाला लावताय?
लष्करी लिलावातला. नळ्यावर अजून हिरवा रंग,
गोळ्यावर खडूने कुणीतरी लिहिलेलं: चालू.

गाडी दिवाळ्याच्या चांगुणाबायची.
खाडीच्या चिखलातून होड्या ओढता ओढता
गेल्या उधाणाला तिचं पुढचं नकल तुटलं
आणि दोन चाकं एकमेकांकडे बघायला लागली,
भांडण मिटल्यावर बघतात तशी.

नव्या एक्सलवर चाकं चढवून पाहिली.
दोन्हीकडे साडेतीन इंच बाहेर.
मी म्हटलं, असू दे की बाय, रुंद गाडी पलटत नाही.
ती उलट्या डब्यावर बसलेली. उठली नाही.
"माझी गल्ली सहा फुटांची.
इकडं जावेचा ओटा, तिकडं देवीची भिंत.
यातलं काय कापशील?
गाडीच काप."

कापणं सोपं. नळा काय, दुधीसारखा कापता येतो.
पण आतला दांडा पोलादाला पाणी देऊन केलेला,
त्याच्या टोकाला दाते, ते पुन्हा पाडायची मशीन माझ्याकडे नाही.
म्हणून आधी दांडा शोधायचा, नळा मागून.
तीन दिवस तळोज्याच्या भंगारात
ग्रीसमध्ये बोट फिरवून दाते मोजले.
सव्वीस. अठ्ठावीस. पुन्हा अठ्ठावीस.
चौथ्या दिवशी एक सापडला, तीसचा, आपल्यासारखाच,
सात इंच दोन सूत आखूड.
तिथेच माप ठरलं. आम्ही ठरवलं नाही.

लांब बाजूचा नळा लेथवर घेतला.
वेल्डिंगची जुनी कडा सालीसारखी निघत गेली,
कुठल्या तरी छावणीतला, कुठल्या तरी वेल्डरचा हात
माझ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये निळा होऊन पडत राहिला.
चांगलं काम होतं त्याचं. मोडताना जरा लाज वाटली.

मुक्तारने टाके घातले: एक वर, एक खाली,
एक डावीकडे, मग बिडी, मग एक उजवीकडे.
घाई केली की लोखंड रुसतं.
तरी रुसलंच.
सकाळी नळ्यातून सरळ गज घातला
तर पलीकडच्या टोकाला दोन सूत वर.

लोक सुतावरून स्वर्ग गाठतात.
इथे दोन सुतांवरून टायर महिन्याभरात टकला होतो,
स्टेअरिंग हातातून ओढून घेतं,
ओट्यावर लाल मिरच्या वाळत असतात,
कधी कधी जावेचा नातू.
मुक्तार म्हणाला, कोण बघतंय.
मी गज काढला नाही. तो तिथेच, वर बोट केल्यासारखा.

दुपारभर उलट्या बाजूने तापवलं,
चेरीसारखं लाल नाही, त्याच्या जरासं आधीचं,
आणि ओल्या गोणपाटाने थोपटलं.
नळा एकदा कुरकुरला.
राखेत रात्रभर झाकून ठेवला, चुलीवरच्या दुधासारखा
येऊन येऊन पाहिला.
पहाटे गज आत गेला, बाहेर आला.
कुठेही टेकला नाही.

पाट्यांच्या बैठका सरकवल्या, आडवा रॉड आखूड केला.
गोळा तेलाच्या पेटीपासून अर्धा इंच सुटला.
अर्धा इंच पुरतो, इंजिन नाचलं नाही तर.

गाडी सोडायला मीच गेलो.
गल्लीच्या तोंडाशी आरसे मिटले, श्वासही.
चांगुणाबाय पुढे उलटी चालत,
एक हात टायर आणि ओट्याच्या मधे.
चार बोटं. देवीकडेही चार बोटं.
जाव दारात आली, मिरच्यांचं सूप उचलावं की नको
ते ठरेपर्यंत गाडी निघून गेली.

आभार वगैरे नाही. पैसे दोनदा मोजले.
मग म्हणाली, कापलेला तुकडा कुठाय?
सात इंचाचा नळा, हिरवा, दोन सूत तर भुशात गेलेले.
त्याचं काय करणार बाय?
"माझं मी बघीन. पैसे तर अख्ख्याचे दिलेत ना?"