मागचा कप्पा

तुर्भ्याच्या शीतगृहात माझं काम आकडे लिहिण्याचं.
दर दोन तासांनी: वाटाणा उणे अठरा,
सफरचंद एक, मिरची सात.
सातच्या खाली मिरचीला थंडी बाधते
हे मला लग्नाआधीपासून ठाऊक.

दुधाचे आकडे सुनेत्रा सिस्टरनी शिकवले,
डिस्चार्जच्या दिवशी, बोटांवर मोजत:
बाहेर चार तास, आपल्या उकाड्यात कमीच धर,
फ्रिजमध्ये चार दिवस,
आणि दाराच्या फळीवर नको गं,
मागे, जिथं हात उशिरा पोचतो.

अकरा वाजता मी जुन्या पावत्यांच्या खोलीत जाते.
कडी तुटलेली. सोनवणे काका बाहेर स्टूल टाकतात
आणि दाराकडे पाठ करून बसतात.
आम्ही यावर कधी बोललो नाही.
हात कोपरापर्यंत धुवायचे,
उकळलेली वाटी पुसायची नाही, निथळू द्यायची.
मग डोळे मिटून ठकीचं रडणं आठवायचं.
आठवलं की सुटतं.
कधी नव्वद, कधी साठ,
शेठ ओरडला त्या दिवशी पंचवीस.
पिशवीवर तारीख, वेळ, मिली.
तासभर आधीचं कोमट
कालच्या थंडात ओतायचं नाही.

"अंगाबाहेर आलं की शिळंच म्हनायचं,"
पाटणहून आलेल्या सासूबाई.
पहिल्या दिवशी त्यांनी ते उकळायला ठेवलं होतं,
आपल्या दुधासारखं. मी ओरडले.
दुसऱ्या दिवशी वर पिवळट थर बघून म्हणाल्या, "नासलं."
मी बाटली कोमट पाण्यात धरली, मग हळू फिरवली,
खडे शोधताना ताटातले तांदूळ फिरवतात तशी.
थर विरला.
"अगं बया," एवढंच.

शुक्रवारी सकाळी नऊला
कोपरखैरण्याच्या आमच्या सेक्टरची वीज गेली.
साडेअकराला फोन: "फ्रीज घामेजलाय."
चारशे टन वाटाण्याला दोन जनरेटर.
त्यांच्या गारव्यात स्वेटर घालून उभी मी
फोनवर सांगत राहिले,
दार उघडू नका, उघडू नका.

उघडलंच त्यांनी, एकदाच.
आणि ज्या बाई लिफ्टला घाबरून
कधी एकट्या खाली उतरल्या नव्हत्या
त्या चार जिने उतरून गावात गेल्या,
बेबीबाय म्हात्रेकडे, मासळीच्या ओट्यावर.
"बरफ हाय गो माझे घरा," ती म्हणाली म्हणे,
आणि थर्माकोलची पेटी लिंबानं तीनदा घासून दिली.

मी पोचले तेव्हा सात वाजले होते.
वीज आली होती, पंखा फिरत होता,
सासूबाई पेटीवर हात ठेवून जमिनीवर,
ठकी मांडीत झोपलेली, हनुवटीवर दुधाचा डाग.
पिशव्या दाबून बघितल्या.
मधोमध अजून खडा लागत होता, एक सोडून सगळ्यांत.
ती सुटलेली त्यांनी दुपारीच पाजली होती,
थेंब आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन.
बाटलीत उरलेलं वीसेक मिली
टाकवेना म्हणून कढीपत्त्याला घातलं.
त्यावर मी काही बोलले नाही.

पेटीला अजून हलका बोंबलाचा वास होता. पिशव्यांना नाही.

फक्त शाई धुऊन गेली होती.
दहा पिशव्या, एकावरही तारीख नाही.
मी पेन घेऊन बसले, रडू येत होतं,
चुकीचा आकडा मी नोकरीत कधी लिहिलेला नाही.

त्यांना वाचता येत नाही.
त्यांनी एकेक पिशवी उजेडात धरली.
"ही तुजं डोकं दुकत हुतं त्या दिसाची.
ही आयतवारची, तू घरीच काढल्याली.
आन ही बारकी,"
तळहातावर जरा वजन घेत,
"ही त्यो शेठ वरडल्याला, ती."

मी लिहिलं: मंगळवार. पंचवीस.