पौषातला पूर

बाहेर पौष, पारा सात अंशांवर.
आत एसी सोळावर, यंत्राला उकडतं म्हणून.
आम्हाला वाजते, ते कुणी विचारत नाही.
तहसीन मफलर गुंडाळून टाइप करते, बोटं तेवढी उघडी.
मी गोदावरीला पूर आणते आहे.

एम.टेक.चं दुसरं वर्ष. विषयाचं नाव एवढं लांब
की आई शेजारी सांगते, ‘कॉम्प्युटरचंच, पण मोठं.’

मोठं म्हणजे असं, आई:
गंगापूर धरणापासून तपोवनापर्यंत
नदीचे चौसष्ट तुकडे केले मी,
एकेका कोअरला एकेक वाटून दिला.
कुणाकडे घारपुरे घाट, कुणाकडे नुसताच काठ आणि बाभळी,
तेविसाव्याच्या वाट्याला दुतोंड्या मारुती.

पण पाणी वाटणी मानत नाही.
म्हणून दर पावलाला प्रत्येकानं
शेजाऱ्याचं दार वाजवायचं,
त्याच्या काठावरची पातळी मागून आणायची,
विरजण मागतात तशी, वाटी घेऊन.
सगळ्यांच्या वाट्या भरल्याशिवाय
कुणी पुढे सरकायचं नाही.
त्रेसष्ट जण हाताची घडी घालून उभे
एका सावकाश माणसासाठी.

ओस्तवाल सर म्हणाले, तुमचा वेग इथे जातो,
वाट पाहण्यात.
सर, मी सातपूरला चार वर्षं लाइनवर होते.
पुढच्या स्टेशनवरची बाई पाणी प्यायला गेली
की माझ्या हातातला स्क्रू किती जड होतो
ते मला माहीत आहे.

क्लस्टर पुण्यात, रांग सगळ्यांची.
माझ्या पुढे कुणाचं तरी औषध, कुणाचं वादळ,
कुणाच्या तरी विमानाचा पंख.
तीन रात्री ‘प्रतीक्षेत’.
चौथ्या पहाटे पूर आला:
मारुतीच्या छातीपर्यंत, हवा होता तसाच.
मी ओरडले. तहसीननं नकाशा मोठा केला
आणि म्हणाली, अगं, भांडी बाजार कोरडा आहे.

कोरडा ठणठणीत.

रासनेकाकांनी गल्ल्यामागची फळी दाखवली.
पितळेच्या घंगाळांमागे भिंतीवर
मळकट रेघ, माझ्या कमरेएवढी.
‘नदी मागाहून आली,’ काका म्हणाले.
‘आधी आलं ते खालून.
दहीपुलाखालून सरस्वती येते ना, झाकलेली,
तिला नदीत शिरायला जागाच उरली नाही.
मग ती आमच्याकडे शिरली.
पातेली तरंगत सराफ बाजाराकडे निघाली होती,
झाकणांशिवाय.’

माझ्या नकाशात सरस्वती नव्हती.
उपग्रहाला वरून रस्ता दिसतो.

‘किती कॉम्प्युटर म्हणालीस?’
‘चौसष्ट. म्हणजे, कोअर.’
‘बरं,’ ते म्हणाले,
आणि कुणाचं तरी मोडीत आलेलं ताम्हण
तराजूत टाकलं.
मी शिंप्याच्या टेपनं रेघ मोजली.
एकशे चार सेंटिमीटर.
घंगाळं पुन्हा जागेवर लावताना
एक माझ्या हातून सुटलं.
तो आवाज अख्ख्या बाजारानं ऐकला.

आता नाला काढायचा. वय माहीत नाही,
रुंदी कागदावर एक, तोंडी तीन.
महापालिकेत एका टेबलाहून दुसऱ्या टेबलाला,
तिथेही रांग, तिथेही त्रेसष्ट जण
एका सहीसाठी.
प्रबंध द्यायला एकोणीस दिवस.
सर म्हणाले, ‘मर्यादा’ या प्रकरणात
दोन ओळी लिहा आणि मोकळ्या व्हा.

लिहिल्या. खोडल्या.

पासष्टावा कोअर मागून पाहिला.
मंजुरी चौसष्टांचीच.
कुणाला तरी दोन तुकडे उचलावे लागणार,
तोच सावकाश होणार,
बाकीचे त्याच्यासाठी खोळंबणार,
हिशेब सरळ आहे, माझे गुण त्यात जाणार.

रात्री दीड वाजता मी तेविसाव्याकडे गेले.
म्हटलं, बाबा रे, तुला दोन तोंडं आहेत.
एक नदीकडे ठेव,
एक नाल्याकडे.

एंटर.
रांगेत एकशे बारावी.
तहसीननं थर्मासच्या झाकणात चहा ओतला,
अर्धा तिला, अर्धा मला.
झाकण एकच होतं.
आधी ती प्यायली, मग मी.