डावं-उजवं

जुलै संपता संपता दोन याद्या आल्या.
एकीत डावखुरा पेगेरो चौथा,
दुसरीत एकोणिसावा.
उजव्या हाताचा होल्कम इथेही अकरावा, तिथेही अकरावा,
म्हणून तो दोन्ही खिशात घालून हिंडतो.

मी कॅचर. वय सत्तावीस.
माझं नाव कुठेच नाही,
खालून मोजलं तरी.

रात्रीचे दोन. आयोवाच्या मक्यातून बस चाललीय,
गुडघ्यावरचा बर्फ वितळून मोज्यात उतरतोय.
पेगेरो कागद पुढे करतो: वाच ना.
आकडे त्याला कळतात,
आकड्यांखालची इंग्रजी नाही.

पहिलीत लिहिलंय, याचा कर्व्ह म्हणजे
टेबलाच्या कडेवरून घरंगळलेलं लिंबू.
दुसरीत: सहाव्या डावानंतर खांदा पडतो.

हे माझ्या डाव्या तळव्याला
जूनपासून ठाऊक आहे.
चेंडू ग्लोव्हमध्ये शिरतो तेव्हाचा आवाज
जरा उशिरा येतो, जरा ओला.
मी कुणाला बोललो नव्हतो.
स्टँडमध्ये बसून
कुणीतरी ऐकलं म्हणायचं.

“काय लिहिलंय?”
लिंबाचं सांगितलं,
माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये.
आणि दुसरीत?
दुसरीत लिहिलंय, तू जरा जास्त झोपायला हवंस.

तो हसला, आणि खरंच झोपला,
माझ्याच खांद्यावर डोकं टाकून.
डावा हात त्याच्याखाली अडकला.
उजव्याने मी कागदांची घडी घातली,
चौथा एकोणिसाव्याच्या पोटाशी,
आणि पुढचं स्टेडियम येईपर्यंत
हललो नाही.