अंजनेरीवर मोजणी

सव्वासहाची त्र्यंबक गाडी. गळ्यातल्या दुर्बिणीकडे बघून
कंडक्टर म्हणाला, "हिचं हाफ तिकीट फाडू का?"
फाट्यावर उतरलो तेव्हा टपरीवरचं दूध तापायचं होतं
आणि डोंगर म्हणजे नुसता एक काळा माणूस,
आमच्याकडे पाठ करून कुशीवर झोपलेला.

चौतीस वर्षं मी नोटा मोजल्या, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
कोऱ्या, कुणाच्याच घामाला न लागलेल्या.
एकही माझी नव्हती.
संध्याकाळी गेटवर झडती, मग घर.
झोपेत तुमचा अंगठा अजून हलतो, असं कुमुद सांगते.

आज वनखात्यानं गिधाडं मोजायला बोलावलंय.
एक तक्ता, दोरीला बांधलेली पेन्सिल,
आणि वाट दाखवायला लहानू मौळे, टायरच्या चपलांत.
वर जाईपर्यंत बोलायचं नाही, हा नियम त्याचाच.
त्यानंच तो तीनदा मोडला.

पायऱ्यांवर माकडांनी आमची झडती घेतली.
सवयीनं मी हात वर केले.
शेंगदाण्यांची पुडी गेली, पेन्शनचं कार्ड राहिलं.
पुढे गुडघ्यानं विचारलं, अजून किती?
"हे काय, आलंच," लहानू म्हणाला.
त्याचं 'आलंच' पाऊण तासाचं असतं.

पठारावर गवत पिकून तांबूस झालेलं,
वारा त्यात भांग पाडायचा आणि पुन्हा विस्कटायचा.
मध्येच लहानूनं दंड धरून मला बाजूला ओढलं.
पुढे काहीच नव्हतं.
चार दगड. त्यांच्यामध्ये वीतभर माती.

"इथं कंदील फुलतो, पावसात.
एवढासा, हिरवा, पोटात बारीक केस.
सायेब लोक म्हणत्यात, आपल्याच डोंगराचा आहे.
आत्ता खाली निजलाय, कंद होऊन."

त्या रिकाम्या मातीला आम्ही वळसा घातला,
दुपारच्या घरात निजलेल्या पोराला घालतात तसा,
चपला न वाजवता.

दहाला कडा तापला. हवा उठली.
आणि मग ती निघाली,
आमच्या पायांखालून, कपारींतून.
आधी पाठी दिसल्या, मातकट, उन्हात उजळलेल्या,
मग समोरासमोर एक उघडी मान,
मग पोट, मग नुसता एक ठिपका.
पंख हलवण्याची घाई एकालाही नाही.

पेन्सिल जिभेवर ओली केली. एक. दोन. तीन. पाच.
सहावं खरंच सहावं, की तिसरंच फिरून आलेलं?
नोटा कधी अशा फिरून येत नसत.
लहानू माझ्याकडे न बघता फडकं सोडत होता,
नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी.

"तू नाही मोजत?"
"माझा बाप नव्हता मोजत. तव्हा ढोर पडलं
की रानावर सावली धरायची.
मंग ढोरांना ते इंजेक्शन निघालं."
भाकरीचा मोठा तुकडा त्यानं मला दिला.
"तुम्ही मोजा. तुमचा हात बसलाय."

खाली गंगापूरचं धरण तापल्या पत्र्यासारखं चमकत होतं,
त्याच्यापलीकडे धुरकट असं काहीतरी:
माझं शहर, माझा पेपरवाला, माझी बीपीची गोळी.
हरिहरकडच्या अंगाला एक गेलं, ते परत आलं नाही.
त्याला धरायचं की सोडायचं?

दोन वाजता तक्ता भरला. लिहिलं, नऊ.
खोडलं. लिहिलं, नऊ, बहुधा दहा.
चौतीस वर्षांत 'बहुधा' हा शब्द
मी कुठल्याच आकड्यापुढे लिहिला नव्हता.
लिहिला असता तर घरी पाठवलं असतं.

उतरताना गुडघा बोलत राहिला, मी ऐकलं नाही.
खाली चौकीत साहेब म्हणाले, "काका, शेऱ्याचा रकाना रिकामाय,
आडवी रेघ मारून टाका."
पेन्सिल बोथट झाली होती, दोरी आखूड पडत होती.
वाकून, गिचमिड अक्षरात लिहिलं:

पठारावर तळ्याच्या अलीकडे चार दगड आहेत.
मध्ये काही दिसत नाही.
पाय देऊ नये.