गाळपेर

समुद्र इथून कुठल्याही दिशेला
रेल्वेच्या एका अख्ख्या रात्रीवर आहे.
तरी बोरडोहात आम्ही म्हणतो, किनारा.
दुसरा शब्द नाही, त्याला काय करणार.

माझ्याकडे दोन वह्या.
एक पाटबंधारे खात्याची, लाल पुठ्ठ्याची.
रोज सकाळी आठला दांडीवरचा आकडा वाचायचा
आणि लिहायचा.
दुसरी बाबांकडून आलेली, चर्चची, काळी,
पाठ वाळवीनं खाल्लेली:
बाप्तिस्मे, लग्नं, मरणं.
आणि समासात, कोणी सांगितलेलं नसताना,
प्रत्येक घंटेवाल्यानं लिहून ठेवलेली नदी.

‘यंदा नदी उकेंच्या दोन वावरांतून गेली.’
‘डोंगे आता आंब्याला बांधतात.’
‘उंबर गेला.’
एका पानावर नुसतंच, ‘पाणी तिसऱ्या पायरीला.’
त्याच पानावर अकरा मुलं, पटकीनं,
त्याच शाईत, त्याच हातानं.

मग धरण.
बाबांची जुन्या गावातली शेवटची नोंद,
मी तेव्हा चार वर्षांची:
‘घंटा उतरवली. बैलगाडी दसरू मारबतेची. भाडं घेतलं नाही.’
समास कोरा.

नवं गाव टेकाडावर, नवं चर्च पत्र्याचं.
पाणी पाइपातून नागपूरला जातं.
तिथं कोणीतरी अर्धा ग्लास पिऊन
उरलेलं बेसिनमध्ये ओततं,
मी दांडीवर एक रेघ खाली वाचते.

दिवाळी सरली की किनारा चालायला लागतो.
आधी बाभळीची खुंटं, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत,
मग विहिरीचं तोंड,
मग चर्चचा ओटा.
पोट्टे तिथं क्रिकेट खेळतात, वेदीचा दगड स्टंप.
फादर किंडो रागावत नाहीत,
एकदा स्वतः बॅटिंग करून गेले, शून्यावर.

ओट्यामागे कबरस्तान.
खातं त्याला गाळपेर जमीन म्हणतं,
लीज क्रमांक सतरा, चाळीस आर.
यंदा ती फुलवंती मारबतेला लागली,
दसरूची सून.

बी टाकायच्या आधी ती माझ्या दारात.
‘बाई, वही काढ ना. कोन कुठी हाये थे सांग.
कोनाच्या छातीवर आळं नोको.’
पौषातला अख्खा दिवस आम्ही दोघी
वेदीच्या दगडापासून मोजत होतो.
सत्तावीस पावलं, रिबेका उके.
तिच्या उशाशी तीन दिवसांचा, नाव न ठेवलेला.
पावलं कोणाची, ते वहीत नाही.
घंटेवाले उंच होते म्हणे सगळे,
मी बुटकी, फुलवंती माझ्याहून बुटकी.
चुकलो असू.

चैत्रापासून पायऱ्या उघड्या पडू लागल्या, एकेक,
घाटाकडे उतरणाऱ्या.
वैशाखात तिसरीवर बसून
तिनं पहिलं टरबूज फोडलं. दगडावरच, हातानं.
फादरना दिलं, पोट्ट्यांना दिलं, मला दिलं.
म्हातारा इलियाझर उके
फोड घेऊन बसून राहिला.
रिबेका त्याची आई.
रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला,
तिथून पायरीवर.
कोणी काही बोलेना, पोट्टेसुद्धा.
मग त्यानं एक घास घेतला, बी थुंकली.
‘पानी जास्त पाजलं तुनं, फुलवंते.’
आणि दुसरी फोड मागितली.

रात्री काळी वही उघडली.
बाप्तिस्मा नाही, लग्न नाही, मरणही नाही,
म्हणून समासातच लिहिलं:
‘सात पायऱ्या उघड्या. टरबूज बरं निघालं.’

सकाळी आठ वाजता
पाणी आणखी चार सेंटिमीटर खाली.
सातवीच्या खाली काहीतरी चौकोनी दिसतंय, हिरवट.
आठवी पायरी होती का,
समासात कुठंच सापडत नाही.