झुग, पॅफ, वेक

गॉलवेत, खाडीकडे तोंड केलेल्या खोलीत
आम्ही असे शब्द वापरतो ज्यांना आईबाप नाहीत.
झुग. पॅफ. वेक.
कुठल्याच भाषेत त्यांचं कुणी लागत नाही,
म्हणून तर निवडले.

साइव्ह पाच वर्षांची. पुढचा दात हलतो,
जिभेने सारखी ढकलत असते.
तिला शिकवलं: झुग म्हणजे पॅफ.
दुसऱ्या दिवशी: पॅफ म्हणजे वेक.
बस, एवढंच.
तिसऱ्या दिवशी झुग समोर ठेवलं आणि आम्ही गप्प बसलो.
तिने वेकवर बोट ठेवलं,
शेजारच्या घरात न विचारता शिरावं तसं.

खालच्या मजल्यावर एकेकाळी कबुतरं होती.
हुशार. चोच मारून दाणा वसूल करणारी.
झुगवरून पॅफला जायची बिनचूक,
पॅफवरून झुगला परत यायचं म्हटलं
की माना वाकड्या करून बघत बसायची.
त्यांचे सगळे रस्ते एकेरी.

डॉक्टर डर्व्हला म्हणते,
डोक्यात कुठली पेटी शोधू नका, मागचे दिवस शोधा.
कुणीतरी कुत्रा दाखवून ‘कुत्रा’ म्हणालं.
मग ‘कुत्रा कुठेय?’ म्हणालं, मूल वळलं,
आणि घरभर टाळ्या.
असं बूट, चमचा, चंद्र, आत्या,
हजार वेळा,
शेवटी बूट-चमचे गळून पडतात
आणि ‘सारखं’ तेवढं उरतं हातात,
रिकामं हँगर.
आता त्यावर काहीही अडकवा.

उपमा ही त्याच्या पुढची पायरी.
तिथे वस्तूला वस्तू जुळत नाही,
नात्याला नातं जुळतं.
झुग नि वेक सारखे, मोप नि लिडही सारखे,
म्हणून ही जोडी त्या जोडीसारखी.
साइव्ह चार दिवस चुकली.
हिरव्याशेजारी हिरवं ठेवायची आणि माझ्याकडे बघायची.
पाचव्या दिवशी सोळापैकी सोळा.
मी घुबडाचा स्टिकर दिला,
तिने तो कोपरावर चिकटवला.

मी कार्डं गोळा करत होते, आई तिच्या कोटाची बटणं लावत होती.
बाहेर ओहोटी. नुसता चिखल,
एक होडी कुशीवर पडलेली.
साइव्ह म्हणाली,
“बाबा रात्रपाळीला जायचा ना, तसा समुद्र गेलाय.”

जायचा.
ते क्रियापद मला जरा उशिरा ऐकू आलं.
आईचा हात तिसऱ्या बटणावर थांबला.
“पण समुद्र येतो,” साइव्ह म्हणाली
आणि चौथं बटण तिने स्वतःच लावलं, चुकीच्या काजात.

तक्त्यात याला रकाना नव्हता.
डर्व्हलाला सांगितलं तेव्हा ती चष्मा पुसत राहिली.
मग म्हणाली, “हेही वर्तनच.
कुणीतरी तिला कधीतरी ‘जसं’ दिलं होतं,
‘तसं’ तिचं तिने आणलं.
आणि जुळत नाही तेही तिनेच पाहिलं.”
मला वाटलं होतं मला राग येईल.
उलगडून दाखवलं की गोष्ट लहान होते,
असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

अहवालात न लिहिलेलं एक:
ती ‘येतो’ म्हणाली तेव्हा माझ्या हातात झुग होतं.
फक्त झुग. वेक केव्हाच डब्यात गेलं होतं.
काल नवा मुलगा आला, तॉर्ना,
नाकाला सर्दी, खिशात खडे.
मी डबा उघडून त्याच्यासाठी वेक काढलं
आणि माझ्या पोटातलं पाणी
दूरवर ओसरत गेलं.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
“हं,” तॉर्ना म्हणाला, “सुरू करायचं ना?”